टेकडीवरची बारा अंडी

१

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दादांनी चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हे ते अंडं नाही."

आत्यांचा हात किटलीवरच थांबला. समोर अंडं होतं, अर्धकच्चं उकडलेलं, वरचं टरफल नेटकं काढलेलं. एक चमचा खाल्लेला आणि बाकीचं तसंच.

"मागच्या आठवड्यातलीही ती नव्हती," दादा पुढे म्हणाले. "मी बोललो नाही. म्हटलं, माझीच जीभ गेली असेल परत."

एवढं बोलून ते उठले आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. तिथे त्यांची घड्याळं दुरुस्त करायची हत्यारं मांडून ठेवलेली होती. तापातून उठल्यापासून त्यांनी ती उचलली नव्हती, नुसती पुसून परत ठेवायचे.

ताप सात महिन्यांपूर्वीचा. ताप उतरला तो दादांची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. पुढ्यात काहीही ठेवा, त्यांना पुठ्ठा चावल्यासारखं वाटायचं. जेवणारा माणूस दोन घासांवर आला आणि वजन पंचेचाळीस किलोवर. पोटाचं एक ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की काटा पन्नासावर गेल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि फार थांबताही येणार नाही.

मग एके दिवशी डाकवाल्याने टेकडीवर राहणाऱ्या एका बाईची दोन अंडी आणून दिली. दादांनी त्यातलं एक खाल्लं, जरा थांबले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." तापानंतर त्यांनी मीठ कधी मागितलंच नव्हतं. आत्या त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसून आल्या होत्या, आणि मिठाची बाटली आणायची विसरल्या म्हणून परत आत गेल्या होत्या.

तेव्हापासून दर सोमवारी टेकडीवरून टोपली यायची, बारा अंड्यांची. अंड्यामागून पाव जायला लागला, पावामागून सूप. काटा अठ्ठेचाळीसवर आला होता. आणि आता हे.

आत्या भांडी घेऊन आत गेल्या. दादांची मुलगी ओट्याशी उभी होती. सगळा रस्ता दादांच्या या बहिणीला आत्या म्हणायचा तो या भाचीमुळेच. तिने नळ बंद केला आणि आत्यांना ज्याची भीती वाटत होती तेच विचारलं.

"आत्या, अंडी तीच असली आणि बाबांची चवच परत गेली असली तर?"

२

आता आत्यांची ओळख करून द्यायला हवी. अंगाने एवढ्याशा. दादा अजूनही त्यांना लहानपणासारखं 'बारके' म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी अंडी निवडायच्या शेडमध्ये काम केलं. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं आणि टरफलाच्या आतलं ओळखायचं: तडा, रक्ताचा ठिपका, शिळेपण. दिवसाला हजारो अंडी. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेडमधून एकच वस्तू मागून आणली, मापाचं पितळी कडं. त्यातून जे अंडं घसरून पडेल ते बारीक, आणि बारीक ते बाद.

अशा बाईच्या घरात अंड्याची अफरातफर करायची म्हणजे पोलीसचौकीतून टोपी पळवायची. पण कुणीतरी केली होती, किंवा मग दादांची जीभ खोटं बोलत होती.

आत्यांनी उरलेली अकरा अंडी घेतली, विजेरी घेतली आणि बिनखिडकीच्या कोठीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पहिलं अंडं विजेरीच्या तोंडावर धरलं. ते आतून नारिंगी उजळलं. अंड्याच्या बोथट बाजूला हवेची एक पोकळी असते. अंडं जुनं होईल तशी ती वाढत जाते. टेकडीवरच्या ताज्या अंड्यात ती नखाएवढी दिसायची. या अंड्यात बाटलीच्या बुचाएवढी होती. आत्यांनी अंडं हलकेच फिरवलं, तर बलक सैलपणे इकडून तिकडे गेला. निदान तीन आठवड्यांचं. टेकडीवरचं अंडं कधी चार दिवसांपेक्षा जुनं नसे.

त्यांनी अकराच्या अकरा अंडी तपासली. सगळी तशीच. आत्या पिठाच्या डब्यावर बसल्या आणि एकट्याच हसायला लागल्या. देवा, तुझे उपकार. दादांची जीभ शाबूत होती. दोन आठवडे ती बिचारी खरं सांगत होती आणि दादा तिला खोटं ठरवत होते. चोर कोणीही असो, आधी त्याचेच आभार मानावेत असं आत्यांना क्षणभर वाटलं.

मग त्यांच्यातली निवडणारी बाई जागी झाली. टोपलीतला पेंढा त्यांनी नीट बघितला. काल संध्याकाळी त्यांनी आणलेली टोपली भाचीने होती तशीच उचलून ठेवली होती. बाराही टोक खाली करून उभी, जशी ठेवायला हवीत तशी. टरफलांवर खुराड्यातली माती होती, पण फक्त वरच्या अंगाला, बारीक आणि सारखी. आणि पेंढ्यात पिसं. एकदोन नव्हे, मूठभर.

संशयितही फार नव्हते. टेकडीवरची बाई टोपली भरायची. डाकवाला सोमवारी त्या बाजूला जायचा, तो ती सायकलवरून खाली आणायचा. त्याची फेरी रस्त्याच्या कोपऱ्यावर संपायची, म्हणून तो ती तिथल्या बेकरीवाल्याकडे ठेवायचा. तिथून आत्या ती तिसऱ्या मजल्यावर आणायच्या आणि भाची अंडी उकडायची. स्वतःला वगळून चार जणांचे आठ हात.

घरापासूनच सुरुवात करावी म्हणून त्यांनी भाचीला विचारलं की टोपली हातून पडली आणि तू दुसरी अंडी आणून ठेवलीस असं तर नाही ना. भाचीने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्यासमोर अंड्याबद्दल खोटं बोलायची छाती या घरात कुणाची आहे?"

ते मात्र खरं होतं. भाचीचं नाव खोडलं गेलं. आता सहा हात उरले.

३

डाकवाला टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत पत्रांवर शिक्के मारत होता. उंच, किडकिडीत, जिभेवर लगाम नसलेला माणूस. आत्यांनी मुद्द्याला हात घातलाच नाही. टेकडीचा चढ फार झालाय का तुला या वयात, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तो सुटला.

चढाचं काही नाही म्हणाला, त्रास आहे तो त्या बाईंच्या कुत्र्याचा. म्हातारं कुत्रं, वर्षभर पायरीवरून उठत नव्हतं. गेल्या महिन्यापासून मात्र अंगावर अशी तकाकी आली आहे की बघत राहावं, आणि सायकल दिसली की पिल्लासारखं मागे धावतं. बाई तशा चांगल्या, पण बोलतील तर शपथ. आणि पिसं. हल्ली तिथून आलं की पिशवीत पिसं, टोपीत पिसं. बायको म्हणते, तुम्ही डाक वाटता की गाद्या भरता.

"आणि आमची टोपली जपून आणतोस बरं," आत्या म्हणाल्या. "त्या दगडगोट्यांच्या उतारावरून."

"अहो, आधी एका हाताने छातीशी धरून उतरायचो, मूल आणावं तशी. हल्ली मात्र दोन्ही हात मोकळे. हँडलला अडकवतो आणि..."

शिक्का हवेतच राहिला. डाकवाल्याने तोंड मिटलं, पण बाण सुटून गेला होता.

ज्या रस्त्यावर माणसाचे दात खुळखुळतात, तिथे बारा अंडी कुणी हँडलला अडकवत नाही. अडकवली तर खाली येईपर्यंत त्यांचं काय होईल ते सांगायला दिवा लागत नाही.

"टोपली रिकामीच येते," आत्या म्हणाल्या.

डाकवाल्याने एक पत्र उचललं, त्यावर आधीच शिक्का होता, त्यावर आणखी एक मारला. टोपली रिकामी आली असेल तर तिच्याबरोबर निरोपही आला असेल, असं आत्यांनी सुचवलं. तो निरोप आमच्या दारी कसा नाही पोचला?

"आत्या, मी निरोप पोचवतो, परत मागून घेत नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "एका माणसाला शब्द दिलाय. वाईट माणूस नाही तो. एवढंच सांगतो."

४

बेकरीत दुपारी गिऱ्हाईक नसतं. बेकरीवाला फळीवर केक मांडून बसला होता आणि हातातल्या चाळणीतून त्यांच्यावर पिठीसाखर भुरभुरवत होता. आत्या दारातच थांबल्या. साखर केकांच्या माथ्यावर पडत होती, बारीक आणि सारखी. बाजू कोऱ्याच राहत होत्या.

आत्यांना पेंढ्यातली अंडी आठवली. माथ्यावर माती, बाजू कोऱ्या. अंड्याला घाण नि माती लावायला कोंबडीला चाळणी लागत नाही. ती लावते ती कुठेही, कशीही.

तेवढ्यात बेकरीवाल्याने कोपऱ्यातल्या ट्रेमधून एक अंडं उचललं, ते चिरलेलं नाही ना बघितलं आणि परत ठेवलं. टोक खाली करून. ठेवताना त्याने बघितलंसुद्धा नाही, हाताने आपोआप केलं.

आणि आत्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोपलीतली बाराही अंडी टोक खाली करून उभी होती, आणि एकतीस वर्षांच्या सवयीमुळे त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. बरोबर गोष्टीकडे कोण बघतं? पण टेकडीवरची बाई अंडी पेंढ्यात आडवी टाकायची, दर खेपेला, आणि आत्या दर खेपेला त्यावरून कुरकुरायच्या. अंडं टोक खाली करून ठेवणारी माणसं या रस्त्यावर दोनच होती. एक त्या स्वतः. दुसरा, बेकरी काढायच्या आधी दोन वर्षं त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्याच शेजारच्या दिव्याशी उभा राहून रोज त्यांची बोलणी खाणारा मुलगा. आता त्याला टक्कल पडलं होतं.

"तुला ट्रे भरायला मीच शिकवलं ना रे," आत्या म्हणाल्या.

बेकरीवाल्याने चाळणी खाली ठेवली. आत्यांनी त्याला एकेक करून सगळं सांगितलं: हवेची पोकळी, हँडलला अडकवलेली टोपली, चाळलेली माती, खाली केलेली टोकं. तो ऐकत राहिला. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा सुटका जास्त होती.

"माती दारातल्या कुंडीतली आहे," तो म्हणाला. "स्वच्छ आहे, आत्या. भाजून घेतली होती."

मग त्याने सांगितलं. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी रिकामी टोपली आली आणि निरोप आला की दोन महिने अंडी मिळणार नाहीत. तो टोपली घेऊन जिना चढायला निघाला. पहिल्या मजल्यावर त्याला दादा भेटले. कित्येक महिन्यांनी ते स्वतःच्या पायांनी उतरत होते, कठडा धरून. म्हणाले, टोपली आली का बघायला निघालो होतो.

"मी बेकरी काढली तेव्हा पहिला महिनाभर माझा पाव म्हणजे वीट होती," बेकरीवाला म्हणाला. "कुत्रीसुद्धा हुंगून जायची. दादा रोज एक विकत न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, कालच्यापेक्षा बरा होता. त्या माणसाला मी जिन्यात उभा राहून 'नाही' कसं म्हणू? म्हटलं, चव काय, अर्धी भरवशावर असते. दिसायला तशीच असली तर खातील."

आत्या रागावणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण भाजलेली माती चाळणीने अंड्यांवर भुरभुरवणारा हा टकला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि रागाची हवाच गेली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, अरे वेड्या, तुझ्या अंड्यांनीच तर मला कळलं की त्यांची जीभ जागेवर आहे.

पण चोर सापडला तरी अंडी सापडली नव्हती. सोमवार सहा दिवसांवर होता, काटा अठ्ठेचाळीसवर आणि टेकडीवर दोन महिने काही नव्हतं. का नव्हतं ते निरोप घेताना कुणीच विचारलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, फेरीचा वार नसतानाही वाट दाखवायला निघालेल्या डाकवाल्याच्या मागोमाग आत्या टेकडी चढल्या. वाटेत तीनदा बसल्या. वर पोचल्या आणि समोरचं दृश्य बघून कुंपणापाशीच थबकल्या.

अंगणभर पिसं उडत होती. वीसेक कोंबड्या कुंपणाशी अंग चोरून उभ्या होत्या. कुणाची मान उघडी पडलेली, कुणाची पाठ, एकीला तर शेपूटच नव्हतं.

"कुठला रोग आहे हा?" आत्यांनी विचारलं.

टेकडीवरची बाई दारात धान्य पाखडत होती. तिने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. आत्यांचा अंड्यातला अधिकार तिने डाकवाल्याकडून बराच ऐकला होता.

"रोग कसला. पिसं टाकताहेत," ती म्हणाली. "दिवस लहान व्हायला लागले की टाकतात. नवी पिसं यायला ताकद लागते, म्हणून अंडी थांबतात. दर वर्षीचंच आहे, बाई."

आत्या ओशाळल्या. एकतीस वर्षांत लाखो अंडी त्यांच्या हातांखालून गेली, पण अंड्यामागची कोंबडी त्यांनी अशी जवळून आज पहिल्यांदा बघितली. शेडला येणारी अंडी बारा महिने यायची, कारण तिथल्या कोंबड्यांचा दिवस दिव्यांवर चालायचा. कोंबडीलाही विसावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. बेकरीवाल्याच्या ट्रेमधली ती बिनचवीची अंडी त्यांनी स्वतः डोळे झाकून पास केली असती. तडा नाही, ठिपका नाही, आकार बरोबर, आणि तीन आठवडे म्हणजे शेडच्या हिशेबात शिळं नव्हे.

बाईने पाणी दिलं. दादांची तब्येत विचारली. आत्यांनी सगळं खरं सांगितलं, ऑपरेशनचं आणि काट्याचंही. तुमच्या अंड्यांनी माझा भाऊ जेवायला लागला, त्याबद्दल आभार मानायलाही मी कधी वर आले नाही, हेही सांगितलं. निघायला म्हणून आत्या उठल्या.

पायरीवर कुत्रं पसरलं होतं. म्हातारं, तोंडाशी पांढरं झालेलं. पण अंग असं चमकत होतं की जणू कुणी तेलाचा हात फिरवलाय. आत्या त्याला ओलांडणार, तो त्यांचा पाय अडला. डाकवाला म्हणाला होता, गेल्या महिन्यापासून. म्हणजे कोंबड्या पिसं टाकायला लागल्या त्याच सुमाराला.

"तुम्ही या कुत्र्याला काय घालता?" आत्यांनी विचारलं.

बाई पहिल्यांदाच गडबडली. म्हणाली, काही नाही, टाकाऊ असतं तेच.

"टाकाऊ काय?"

बाई आत गेली आणि पितळी वाडगा घेऊन आली. वाडग्यात अंडी होती, दहाबारा, छोटी छोटी, लिंबाहून जरा मोठी. घराच्या मागे वेगळं खुराडं होतं. त्यात यंदा जन्मलेल्या तलंगा होत्या, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबड्या. त्या पहिल्या वर्षी पिसं टाकत नाहीत. नुकत्याच अंडी द्यायला लागल्या होत्या.

"मग ही का नाही पाठवलीत?"

"तुम्हीच बजावलं होतं ना," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पहिल्या टोपलीतली तीन परत पाठवलीत. म्हणालात, आमच्या घरी बारीक चालत नाही."

आत्यांना आठवलं. पहिल्याच सोमवारी त्यांनी सवयीने बाराही अंडी पितळी कड्यातून घालून बघितली होती. तीन घसरून पडली. ती त्यांनी डाकवाल्याबरोबर वर धाडली होती, निरोपासकट. तो निरोप बरोबर पोचला होता.

म्हणजे दादांच्या तोंडचा घास हिरावणारा आठ हातांपैकी कुणीच नव्हता. आत्यांनी स्वतःच्या दोन हातांकडे बघितलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. बाईने टोपली उचलली, पेंढा घातला आणि अंडी आडवी टाकायला लागली. आत्या या खेपेला कुरकुरल्या नाहीत. टोपली त्यांनी स्वतः छातीशी धरून खाली आणली, मूल आणावं तशी.

६

गुरुवारी सकाळी आठ वाजता टेबलाशी बरीच गर्दी होती. बेकरीवाला ताजा पाव घेऊन आला होता आणि दादांच्या नजरेला नजर देत नव्हता. आत्यांनी बुधवारी संध्याकाळीच दादांना सगळं सांगितलं होतं. दादा बराच वेळ हसले होते आणि मग म्हणाले होते, त्याला उद्या बोलाव, त्याचा पाव आता खरंच चांगला होतो हे मला जिभेने कळायला लागलंय. डाकवाला सायकल खाली उभी करून आला होता. फेरी चुकली तरी चालेल म्हणाला. भाचीने अंडी उकडली, नेहमीपेक्षा मिनिटभर कमी.

आता एक अडचण आली. अंडं इतकं लहान होतं की अंड्याच्या कपात ते आत बुडालं आणि आडवं झालं. भाचीने कागदाची गुंडाळी करून बघितली, बेकरीवाल्याने पावाचा तुकडा. आत्या उठल्या, खणातून पितळी कडं आणलं आणि बशीत ठेवलं. त्यात अंडं सोडलं. अर्थातच ते कड्यातून खाली घसरलं, पण बशीवर टेकलं आणि कड्याच्या आत अंग घासून उभं राहिलं, टोक खाली करून. जे अंडं बाद ठरवायला हे कडं घडवलं होतं, त्यालाच ते आधार देत होतं.

दादांनी टरफल फोडलं. आतला बलक गडद, जवळजवळ केशरी होता. लहानशा अंड्यात तो जरा जास्तच मोठा वाटत होता. दादांनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. टेबलाभोवतीचे चौघे चमच्याकडे बघत राहिले.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. बारीक हत्यारांशेजारी बेकरीवाल्याच्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उघडून ठेवलं होतं. ते काल संध्याकाळी दादांनी मागवून घेतलं होतं.

दादांनी डोळे उघडले. दुसरा चमचा घेतला, मग तिसरा.

"बारके," ते म्हणाले, "मीठ कमी आहे."

मिठाची बाटली आत्यांच्या हातातच होती.